टाकीतला मासा काय बोलत होता

माझी बायको गेली ते मला एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कळलं. मी स्टुडिओत होतो. समोर एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी हनुवटी वर करून बसले होते. फोन आला तो ती काम करायची त्या शाळेच्या वाचनालयातल्या शिपायाचा. "साहेब, मॅडम जिन्यात पडल्या," एवढंच तो म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून पुढचं समजलं. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "हलू नका," आणि फोटो काढला. का काढला ते आजही सांगता येत नाही. हाताला तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

त्याच्या अर्धा तास आधी तिचा स्वतःचा फोन येऊन गेला होता. "अहो, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. मी म्हणालो, "गिऱ्हाईक आहे, नंतर कर."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ इथे आहे. सबब म्हणून सांगत नाही. गाढवपणा सगळा माझा.

चार महिन्यांनंतरच्या एका रविवारी सकाळी माझ्या बैठकीच्या खोलीत सव्वीस माणसं बसली होती. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, खिडकीजवळच्या काचेच्या फिश टँककडे.

"आली, आली, वर आली!"

"तोंड उघडलं बघा!"

"कपाळावरचा पांढरा ठिपका बघितलात का? अगदी वहिनींच्या कपाळावर डाग होता तसा."

"शू! बोलू द्या त्यांना."

बोलत होता एक केशरी मासा. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून तो उघडझाप, उघडझाप करत होता. टाकीशेजारी साधा शर्ट घातलेला, खिशाला पेन लावलेला एक माणूस डोळे मिटून उभा होता.

"मी बाबा नाही, बुवा नाही," तो नेहमीप्रमाणे म्हणाला. "मला नमस्कार करू नका. मी साधा दुभाषी. पाणी बोलतं, मी तुमच्या भाषेत सांगतो. पाण्याला स्मरणशक्ती असते, हे आता विज्ञानालाही मानावं लागलंय."

कुठल्या विज्ञानाला, कधी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी नमस्कार केला.

मग त्याने आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी सर्वांदेखत दोन ग्लासांत भरलं. एका ग्लासात त्याच्या चांदीच्या चमच्याने तीन चमचे खडे टाकले. पांढरे, पारदर्शक खडे. त्याला तो शांतिस्फटिक म्हणायचा. खडे विरघळेपर्यंत त्याने ग्लास ढवळला आणि पुढे केला. "हात लावा."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, गार! नळाचं पाणी होतं की हो हे आत्ता!"

"आल्या," दुभाषी हळूच म्हणाला.

ग्लास रांगेने फिरला. जो तो हात लावायचा आणि नमस्कार करायचा. मग त्याने छोट्या बाटलीतले थेंब दोन्ही ग्लासांत टाकले. साध्या पाण्याचा ग्लास पिवळा पडला. स्फटिकाचा तसाच स्वच्छ राहिला.

"पिवळं दिसतंय ते दुःख," तो म्हणाला. "ह्यात ते आहे. ह्यात ते उरलं नाही."

आणि पहिल्या रांगेत डोळे पुसत, मान डोलावत कोण बसलं होतं? मी. एकेकाळी गिऱ्हाइकांनी भुताचा फोटो म्हणून आणलेले फोटो बघून पोट धरून हसणारा मी. एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघाला की भूत कसं तयार होतं, हे मी कित्येकांना फुकट समजावून सांगितलं होतं. एका बाईंना तर त्यांच्याच नवऱ्याचं भूत पाच मिनिटांत करून दाखवलं होतं. नवरा शेजारीच बसला होता.

आता ही टाकी आली कशी ते सांगतो.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. आई गेल्यावर दोन महिन्यांनी ती म्हणाली, "बाबा, घरात काहीतरी जिवंत पाहिजे."

"म्हणजे? मी काय मेलोय?"

"तुमचं फोनवरून नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली आणि तिने टाकी पाठवून दिली.

टाकी लावायला माशांच्या दुकानाचा मालक स्वतः आला. फिल्टर बसवला, हवेचा पंप लावला, खाली गोटे अंथरले. जाताना म्हणाला, "काका, महिनाभर नुसती चालू ठेवा. टाकी मुरू द्या. मग मासे घ्या."

मी म्हणालो, "रिकामं घर बघतोच आहे, आता रिकामी टाकीही बघत बसू?"

त्या बिचाऱ्यावर मी असं काही ओरडलो की त्याने संध्याकाळपर्यंत सहा मासे आणून दिले. दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणखी तीन आणले, कारण सहा जण मला हरवल्यासारखे वाटले.

आणि मग मी कामाला लागलो. डार्करूममध्ये वाढलेल्या माणसाचा एकच धर्म असतो, धुणे. फोटो वाहत्या पाण्यात धुवायचा, ट्रे घासायचे, चिमटे घासायचे. कुठे औषधाचा अंश राहिला की वर्षभरात फोटोवर डाग पडतो. तो धर्म मी माशांना लावला. दर दोन दिवसांनी फिल्टरमधला स्पंज काढून नळाखाली धरायचा आणि पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा. गोटे तांदूळ धुतात तसे सात पाण्यांतून काढायचे. माझ्या टाकीइतकी स्वच्छ टाकी त्या भागात नव्हती. माझ्या माशांइतके आजारी मासेही नव्हते.

पाचव्या दिवशी ते मलूल झाले. पर मिटून घेतले, कल्ले लाल झाले, आणि सगळे वर येऊन तोंड उघडायला लागले. मला वाटलं, भूक लागली असेल. आजारी माणसाला आपण म्हणतोच ना, दोन घास खाऊन घे. मी दिवसातून चारदा दाणे टाकायला लागलो. दोन मासे मेले.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, स्पंज धुता का?"

"धुतो म्हणजे काय, लख्ख!"

"धुऊ नका. आणि खायला कमी द्या. नव्या टाकीत होतं असं, दम धरा."

मला वाटलं, हा माणूस आळशी दिसतो. मेलेल्या माशांवर ह्याचा उपाय काय, तर काही करू नका! मला असा उपाय हवा होता ज्यात काहीतरी करायचं असतं. तो घेऊन आले वरचे पोस्टमास्तर.

"फोटोवाले, आमच्या ओळखीचा एक माणूस आहे," ते म्हणाले. "पाण्यातला."

दुभाषी आला. टाकीकडे पाच मिनिटं बघत राहिला. मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्या घरात कुणाचं तरी बोलणं अर्धं राहिलंय."

मी खुर्चीत बसलो, आणि त्या खुर्चीतून पुढचे पाच आठवडे उठलो नाही असं म्हटलं तरी चालेल.

त्याचा उपचार असा. टाकीतलं सगळं पाणी काढायचं. "जुन्या पाण्याचा थेंबसुद्धा राहता कामा नये." सगळं धुवायचं. हे वाक्य ऐकून मला तर हा आपलाच माणूस वाटला. मग नवं पाणी, त्यात स्फटिक. तासाभरात मासे भराभरा पोहायला लागले. पोस्टमास्तर टाळ्या वाजवायचे बाकी राहिले होते. चौथ्या दिवशी मासे पुन्हा वर. पुन्हा बोलावणं, पुन्हा पाणी, पुन्हा बरे. तो आला की मासे बरे व्हायचे, तो गेला की पडायचे. ह्यावरून शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढावा? मी असा काढला की त्याने जाऊच नये.

तिसऱ्या आठवड्यात त्याने ठिपक्याच्या माशाकडे बोट दाखवलं. "ह्या इतरांसारख्या नाहीत. तुम्ही आलात की ह्याच आधी वर येतात. बघितलंत?"

मी बघितलं. खरंच यायचा तो मासा. दिवसातून चारदा दाणे टाकणारा माणूस समोर आला तर तो दुसरं काय करणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणतायत, रागावले नाही."

दुसऱ्या वेळी, "जेवता ना वेळेवर?" तिसऱ्या वेळी, "औषध घेताय ना रक्तदाबाचं?" बायकोने जिवंतपणी एका दिवसात एवढे प्रश्न विचारले असते तर मी वैतागलो असतो. आता वर्तमानपत्राने तोंड झाकून रडायचो.

"आणि मग म्हणतात, एक सांगायचं होतं," दुभाषी म्हणाला. "पुढचं येत नाही. अडतं. पाणी कमी पडतं इथे. मोठी टाकी हवी, जास्त माणसं हवीत, मोठी जागा हवी. तुमची ती खालची जागा बंदच असते ना हल्ली?"

स्टुडिओचं शटर मी त्या मंगळवारनंतर उघडलं नव्हतं. दर रविवारी तिथे जलकेंद्र भरवायचं असं ठरलं. त्या सव्वीस माणसांच्या रविवारी स्टुडिओची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. शेवटी ती त्याच्या हातात ठेवायची, की तो बायकोचं पुढचं वाक्य आणणार होता. किल्लीचं काय घेऊन बसलात, त्याने किडनी मागितली असती तरी मी उजवी की डावी एवढंच विचारलं असतं.

आदल्या दिवशी मी मुलीला फोनवर आनंदाने सांगितलं होतं, "उद्या आई बोलणार आहे." मग तिने मावशीला फोन केला.

मावशी म्हणजे माझी मेव्हणी. बायको तिला धाकटी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच तिला धाकटी म्हणतो, जरी ती आता पन्नाशीची आहे. ती जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. ताईच्या घरी ताईशिवाय यायचं तिच्या जिवावर येत होतं, म्हणून चार महिन्यांत फिरकली नव्हती. त्या रविवारी ती कामावरची पिशवी खांद्याला लावूनच आली आणि मागे चपलांच्या कपाटावर बसली. दोन ग्लासांचा सगळा खेळ तिने बघितला. पाणी पिवळं पडलं, लोकांनी सुस्कारे टाकले, तेव्हा तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"एक विचारू का?"

"विचारा ना ताई," दुभाषी म्हणाला.

"हे थेंब कुठून आणता?"

"ते आणले जात नाहीत. ते येतात."

"आम्हालाही येतात. खोक्यातून. बारा बाटल्यांचं खोकं असतं." तिने पिशवीतून एक बाटली काढली. "रोज सकाळी आठ वाजता मी हे थेंब पाण्यात टाकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असलं की पिवळं होतं. ते जर दुःख असेल ना, तर ह्या अख्ख्या शहराचं दुःख आम्हीच सोडतो. मोजून. कमी पडलं तर साहेब ओरडतात."

मागे दोघे-तिघे हसले. पोस्टमास्तर हसले नाहीत. दुभाषी मात्र शांत होता. असल्या माणसांची शांतता बघण्यासारखी असते.

"बरोबर आहे ताई," तो म्हणाला. "रंगाचं तुम्ही सांगितलंत. गारव्याचं सांगा. तोही खोक्यातून येतो का?"

खोली पुन्हा त्याच्या बाजूला गेली. धाकटीने ग्लासला हात लावला. तिचा चेहरा बदलला, कारण हे तिला माहीत नव्हतं. क्षणभर मला आनंद झाला, हे कबूल करतो. वाटलं, हरली.

मग ती माझ्याकडे वळली. "भावोजी, तुम्ही त्या खड्याला हात लावलाय कधी?"

"ग्लासला लावला की."

"ग्लासला नाही. खड्याला."

"स्फटिक हाताने शिवायचा नसतो," दुभाषी पटकन म्हणाला. "शक्ती सहन होत नाही."

"ताईबरोबर एकतीस वर्षं काढलीत त्यांनी," धाकटी म्हणाली. "त्यांना काहीही सहन होतं. घ्या भावोजी."

आता सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, "घेऊ दे की, त्यांचीच मंडळी आहे." मी डब्यात हात घातला आणि एक खडा उचलला.

माझी बोटं माझ्यापेक्षा हुशार निघाली. खडीसाखरेसारखा, पण लांबट. जरा ओलसर, बोटांत किंचित सरकणारा. घामाच्या हातात धरला की गार लागणारा. असे खडे मी तीस वर्षं किलोकिलोने हाताळले होते.

"हायपो," मी म्हणालो.

"काय?"

"हायपो आहे हा. फोटो पक्का करायचा. डार्करूममधला."

कुणाशी काही न बोलता मी खाली गेलो. खिशातली किल्ली काढली आणि चार महिन्यांनी शटर वर केलं. आतल्या कपाटात पत्र्याचा डबा होता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, हायपो. झाकण गंजून बसलं होतं, ते पेचकसाने उचकटलं. धापा टाकत वर आलो, नळाचं पाणी घेतलं, त्यात तीन चमचे टाकले आणि ढवळलं. ग्लास गार पडला. थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिलं.

"आता ही कोण आली म्हणायची?" धाकटीने विचारलं.

मीच सांगितलं. मीठ पाण्यात विरघळतं तसा हायपो विरघळतो, पण विरघळताना तो पाण्यातली उष्णता ओढून घेतो. पाणी गार पडतं. आम्ही फोटोवाले हायपो नेहमी कोमट पाण्यात घालायचो, ह्याच कारणासाठी. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो. आणि क्लोरीनही तो मारतो, म्हणून थेंब पिवळे पडत नाहीत. बायकोच्या येण्याची वाट बघत मी पाच आठवडे ज्या गारव्याला हात लावून रडत होतो, तो माझ्याच कपाटात डबाभर पडून होता.

"पण अर्धं राहिलेलं बोलणं?" मी दुभाष्याला विचारलं. बुडणारा माणूस काडीलाही सोडत नाही. "ते तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

पोस्टमास्तर खाकरले. "अहो फोटोवाले, तुम्ही मला जिन्यात सांगितलंत. दोनदा. मी ह्यांना सांगितलं. तुम्ही तर लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलंत, तो बिचारा लिफ्टमध्ये अडकला होता."

दुभाष्याने चमचा पुसला, डबा बंद केला, पिशवी उचलली. "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो," तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "शक्ती ह्यांच्याच घरात आहे. आज सिद्ध झालं." आणि निघून गेला. मनात आणलं असतं तरी मला त्याला पकडता आलं नसतं, कारण माझ्याभोवती गर्दी झाली होती. पोस्टमास्तरांच्या हातात रिकामी वाटी होती.

"फोटोवाले, ह्यातला थोडा मला द्या. तुमचा घरचा आहे. शुद्ध असेल."

मागे आणखी चौघे उभे होते.

सगळे गेल्यावर धाकटीने टाकीतलं पाणी एका छोट्या नळीत घेतलं आणि दुसऱ्याच बाटलीतले थेंब टाकले. नळी गडद हिरवी झाली.

"अमोनिया," ती म्हणाली. "मासे हगतात, मुततात. तुम्ही दाणे टाकता ते कुजतात. त्याचा अमोनिया होतो. जुन्या टाकीत तो खाणारे जंतू असतात, स्पंजात, गोट्यांवर. ते तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही ते दर दोन दिवसांनी नळाखाली धुऊन टाकलेत."

"तो आला की बरे व्हायचे ते?"

"सगळं पाणी बदललं की विष जातं. चार दिवसांत पुन्हा साठतं. तो नसता आणि तुम्हीच चिमूटभर हायपो घालून पाणी बदललं असतं तरी तेच झालं असतं."

"आणि वर येऊन तोंड उघडतात ते?"

ती सरळच म्हणाली, "बोलत नाहीत भावोजी. गुदमरतायत. कल्ले जळलेत त्यांचे."

मी टाकीसमोर बसलो. ठिपकेवाला मासा वर आला, तोंड उघडलं, मिटलं. पाच आठवडे एक जीव माझ्यासमोर श्वासासाठी तडफडत होता, आणि मी खुर्च्या मागवून लोकांना ते ऐकायला बोलावलं होतं.

धाकटी शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मगाशी आले तेव्हा क्षणभर मलाही वाटलं. ताई बोलताना अशीच मान वर करायची." तिने नाक पुसलं. "ती काय सांगणार होती ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ह्या माशाला तर नाहीच नाही. उठा, बादली आणा."

नऊपैकी चार मासे उरले होते. आम्ही एकतृतीयांश पाणी बदललं, सगळं नाही; पुढे रोज तेवढंच बदलायचं ठरलं. नव्या पाण्यात चिमूटभर हायपो टाकला, नुसता क्लोरीनसाठी. दाणे बंद केले, मग एक दिवसाआड आणि तेही चार-पाचच. मी माशांच्या दुकानात गेलो आणि मान खाली घालून उभा राहिलो. मालकाने आपल्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा कापून दिला. काळा, बुळबुळीत. "मळका आहे काका. चालेल ना?" तो म्हणाला. टोमणा मारायचा त्याला हक्क होता. तो तुकडा न धुता फिल्टरमध्ये घालताना माझ्या हाताला जे झालं ते एखाद्या शाकाहारी माणसाला मटण चिरताना होत असेल. धाकटी रोज संध्याकाळी फोन करायची. "भावोजी, पाणी बदललं? स्पंज धुतला नाही ना? खरं सांगा."

एक मासा मेला. तीन तगले. चौथ्या आठवड्यात नळीतला हिरवा रंग फिका झाला, सहाव्यात पिवळट. कल्ल्यांचा लाल रंग उतरला. ठिपकेवाला मासा आता गोट्यांपाशी पोहायचा, दाणे टाकले तेवढ्यापुरता वर यायचा आणि लगेच खाली जायचा. माझ्याकडे बघायचाही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी धाकटीला अजून माहीत नाही. सगळं समजल्यावरची गोष्ट आहे ही. हायपो कळला होता, अमोनिया कळला होता, कल्ले कळले होते. तरी त्या आठवड्यांत एकदा मी सलग चार दिवस पाणी बदललं नाही. मुद्दाम. फोनवर धाकटीला सांगितलं, बदललं. आणि दाणे टाकले, मूठभर. पाचव्या दिवशी सकाळी ठिपकेवाला मासा वर आला. काचेशी तोंड आणून उघडझाप करायला लागला. मी खुर्ची ओढली, बसलो, आणि म्हणालो, "सांग."

किती वेळ बसलो ते माहीत नाही. मग त्याचा एक कल्ला उघडा राहिला, मिटेना. मी उठलो आणि बादली आणली.

म्हणून जे लोक फसलेल्यांना मूर्ख म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे, नुसती युक्ती उघडी करून भागत नाही. मला युक्ती माहीत होती, डबा माझा होता, अक्षर माझं होतं. तरी मी चार दिवस एका जिवाला पुन्हा गुदमरवलं, कारण मला तिचा आवाज हवा होता. हवं असणं हा काही पुरावा नाही. कुणी तुम्हाला गारवा दाखवला, रंग दाखवला, तर दुसरा ग्लास घ्या आणि तेच स्वतःच्या हाताने करून बघा. करू देत नसेल, शिवू देत नसेल, तर तिथेच उठा. आणि तुमच्या घरात जीव आजारी असेल, माणूस असो की मासा, तर जो कंटाळवाणा सल्ला देतो त्याचं आधी ऐका. बरं होणं बहुतेक कंटाळवाणंच असतं.

आता राहिलेलं सांगतो. माझ्या शब्दावर अकरा घरांनी त्या माणसाकडून खडे घेतले होते. "फोटोवाल्यांसारखा शिकलेला माणूस सांगतोय," असं म्हणून. मी दोन ग्लास, थेंबांची बाटली आणि पत्र्याचा डबा पिशवीत घालून एकेका घरी जायला लागलो. कुणी हसले, कुणी चहा दिला, एकाने "तुमचा हायपो वेगळा, त्यांचा वेगळा" म्हणून दार लावलं. पोस्टमास्तरांकडे तीनदा जावं लागलं. दहा घरं झाली.

अकरावं घर कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंचं आहे. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी तापाने गेला. शिवणयंत्राशेजारी त्यांनी काचेचं एक भांडं ठेवलंय, फिल्टर नाही, पंप नाही, आत एक मासा. दुभाषी आता रविवारी तिथे जातो. मागच्या आठवड्यात त्या मला रस्त्यात भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "दादा, तुमच्यामुळे झालं हो हे. काल मला आई म्हणाला."

मी म्हणालो, "हो का," आणि पुढे चालायला लागलो. पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

त्यांच्याकडे मी अजून गेलेलो नाही.